हप्ता आला की आस बारीक होतो

पत्र आलंय करमाळा तालुक्यातून. थोडं कमी करून देते आहे.

"ताई, नमस्कार. आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. आम्ही भोई. मालकांचा मासेमारीचा धंदा पिढीजात. एक लाकडी होडी, सात-आठ जाळी आणि धरणात जाऊन उरलेली सव्वा एकर जमीन. मालक मासा आणतात, लिलावाला मी नेते, हिशेबाची वही मीच लिहिते.

थोरला मुलगा चोवीस वर्षांचा. बारावी झाल्यावर दोन हंगाम रत्नागिरीला पर्ससीनच्या बोटीवर खलाशी होता. दिवाळीपासून घरी आलाय. आता म्हणतो, दहा लाखांचं कर्ज काढू. मशीनची फायबर बोट, बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, लांब जाळी, पाण्यातला मासा दाखवणारं यंत्र आणि मासे वाढवायचे चार पिंजरे. 'तिकडं एका रात्रीत टनानं मासा निघतो, आन् आपण दिवसभर मरून दहा किलो.' मालक म्हणतात, धरण म्हणजे समुद्र न्हवं, बारीक जाळं माझ्या होडीत चढणार नाही. दीड महिना झाला, बापलेक बोलत नाहीत. एक जेवून उठला की दुसरा ताटावर बसतो.

कर्जाला जमीन तारण द्यावी लागंल. सातबारा माझ्या नावावर आहे. सही केली तर मालक तुटतात, नाही केली तर पोरगं परत रत्नागिरीला जातंय. काय करू? – एक आई"

ताई, सही करू नका. या कर्जावर, या यादीसाठी तरी नको. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

पण मालक जिंकले असंही धरू नका. तुमच्या मुलानं चार वस्तू एका दोरीत बांधल्यात आणि मालकांनी ती दोरीच पाण्यात फेकली. त्या चारही वस्तू वेगवेगळ्या आहेत. एक घरात येऊच नये अशी आहे, एकीची तुम्हाला गरज नाही, एक चांगली आहे पण आत्ता नको, आणि उरलेली नीट मोजूनमापून घ्यावी अशी आहे.

आधी बारीक जाळं, कारण भांडणाचं मूळ तेच दिसतंय. इथं मी सरळ मालकांच्या बाजूची. कटला, रोहू, मृगल हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला नवं पाणी येतं, धार लागते, तेव्हा ते वर चढतात आणि तिथं त्यांची वीण होते. म्हणून धरणात त्यांची संख्या टिकते ती मुख्यतः दोन गोष्टींवर: सोडलेलं बीज आणि त्या बिजाला मोठं व्हायला मिळालेला वेळ. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची आणि पाव किलोची होण्याआधीच वडापात, म्हणजे बारीक आसाच्या ओढजाळ्यात, ओढून काढायची, हे पेरलेलं उगवायच्या आत खुरपण्यासारखं आहे. कटल्याला चांगलं खायला मिळालं तर वर्षाभरात तो किलोला पोचतो. पाव किलोचा कटला आणि किलोचा कटला यांच्या भावात काय फरक पडतो, हे तुमच्या वहीत असेलच. तेवढं एक पान मुलापुढं उघडून ठेवा. बोलू नका काही.

चिलापीचं तसं नाही. हा मासा 1952 साली बाहेरून आपल्या देशात आला. साचलेल्या पाण्यात तो वर्षातून कितीतरी वेळा वितो, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्याला नवं पाणी लागत नाही की सरकारी बीज. बारीक जाळ्यांनी मोठी जात काढून टाकली की रिकामी जागा चिलापी घेते. आणि आता तर तो सकर मासा, जो जाळं फाडतो आणि ज्याला कुत्रंही खात नाही. सगळा दोष जाळ्यांचा नाही, हेही बोललं पाहिजे. पुणे-पिंपरीकडून मुळा-मुठेतून भीमेत काय वाहून येतं, ते पाणी हिरवं पडल्यावर तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. पण त्या पाण्यावर तुमचा ताबा नाही. जाळ्याच्या आसावर आहे.

मासा दाखवणाऱ्या यंत्राचं काय करायचं, ते शेवटाला सांगते.

मुलगा रत्नागिरीचं उदाहरण देतो, म्हणून समुद्राचंही थोडं बोलू. त्यानं टनानं मासा पाहिला, हे खरं असणार. पर्ससीनचं जाळं थव्याला गोल वेढतं आणि खालून बटव्यासारखं आवळतं. मासा सापडला तर आख्खा थवा वर येतो. पण त्याला विचारा, हंगाम किती महिन्यांचा होता? राज्य सरकारनं 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानं पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली आहे. लाईट लावून मासा गोळा करण्यावर केंद्रानं 2017 च्या नोव्हेंबरात बंदी घातली. कशासाठी? तर मालवणसारख्या ठिकाणी रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याला काही उरेना, म्हणून. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पन्नास-साठ माणसं दोन बाजूंनी ओढतात आणि मासा वाट्यानं वाटला जातो. त्या लोकांनी पर्ससीनवाल्यांशी भर समुद्रात भांडणं केली. तुमच्या घरात जेवणाच्या ताटावर जे चाललंय, तेच तिथं बोटींवरून चाललं.

त्याहून जुनी गोष्ट केरळची. 1953 साली कोल्लमजवळ नींदकरा नावाच्या मच्छीमार गावात नॉर्वेच्या मदतीनं एक प्रकल्प सुरू झाला. हेतू फार चांगला होता. गरीब कोळ्यांना इंजिनाच्या बोटी मिळाव्यात, बर्फ मिळावा, गावाला मासा स्वस्त मिळावा. पुढं परदेशात कोळंबीला भाव आला. ट्रॉलर वाढले, ते समुद्राचा तळ खरवडायला लागले, आणि ज्यांच्यासाठी सगळं मांडलं होतं ती लहान होडीवाली माणसं उपोषणाला बसली. शेवटी 1988 पासून तिथं पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवायला लागले. आपल्या किनाऱ्यावरही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंदरात असतात. आणि 2023 मध्ये आपल्या राज्यानं 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही. म्हणजे साडेपाच इंचही नाही, आपल्या हाताच्या पंजाएवढंसुद्धा नाही. एवढा समुद्र पडलाय, पण तिथंही मासा पट्टीनं मोजायची पाळी आली. उजनीचा सगळा साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे एरवी तळाशी राखून ठेवायच्या पाण्यात. तिथं किती जपून राहायला पाहिजे?

हे इंजिनाचे आणि नव्या जाळ्यांचे दोष नाहीत, असं मला वाटतं. दोष हप्त्याचा आहे. मोठी बोट कर्जावर येते. कर्जाला मासा मोठा आहे का लहान, विणीचा महिना आहे का नाही, हे कळत नाही. पाच तारीख आली की पैसे पाहिजेत. मग माणूस चार बोटांच्या आसाचं जाळं गुंडाळून ठेवतो आणि बारीक काढतो. त्याला कळत नसतं असं नाही. सगळं कळत असतं.

मी हे माझ्या घरी पाहिलंय. आम्ही सोलापुरातल्या पूर्व भागातले. वडिलांचे हातमाग होते. ते मोडून त्यांनी कर्जावर दोन यंत्रमाग घेतले. मला तो आवाज आवडायचा, अख्खं घर थरथरायचं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग सूत महागलं, हप्ता तेवढाच राहिला. वडील रात्रपाळी करायला लागले, मग सूत हलकं वापरायला लागले, मग वीण विरळ करायला लागले. आयुष्यभर ज्यांनी गिऱ्हाइकाला "वीस वर्षं वापरा" म्हणून चादर दिली, ते धुतल्यावर आटणारी चादर विकताना मान खाली घालायचे. माग काही वाईट नव्हता. पुढं शेजारच्या काकांनी तसाच माग रोखीनं, एकेक करून घेतला. त्यांचं चाललं.

तर आता तुमचे दहा लाख. व्याज शेकडा 12 आणि मुदत पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता 22,000 च्या वर जातो. तुम्ही वही लिहिता, तर एवढं करा: गेल्या बारा महिन्यांत जाळी, लिलावाची अडत वजा जाऊन हातात काय पडलं, ते महिनावार मांडा. जुलै-ऑगस्टमध्ये काय, मे महिन्यात काय. मग प्रत्येक महिन्यासमोर 22,000 लिहा. जे महिने कमी पडतील, त्या महिन्यांत हप्ता कोण भरणार, हे मुलाला विचारा. त्यानं "जास्त जाळी टाकू" म्हटलं, तर त्याला सांगा की तुझ्या बापाला याचीच भीती आहे.

फायबरची बोट चांगली वस्तू आहे. हलकी, गळत नाही, दर वर्षी डांबर फासायला लागत नाही. लहान मशीनही वाईट नाही, वारा उलटला की वल्ह्यावर जीव जातो. पण ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, साठवलेल्या पैशातून घ्यावी. त्याआधी उद्याच्या उद्या दोन लाइफ जॅकेट घ्या. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, हे तुमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. सगळं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस "मला पोहता येतं" म्हणतो. म्हणू द्या, तरी अंगात घालायला लावा. आणि अपघात विम्यात दोघांची नावं आहेत का, ते मच्छीमार सोसायटीत विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराचा मृत्यू झाला तर घरच्यांना 5 लाखांचं विमासंरक्षण आहे आणि हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही.

आता मुलाच्या यादीत नाही अशी एक वस्तू मी घालते: बर्फ.

हसू नका. रत्नागिरीहून त्यानं जाळं आणि लाईट आठवणीत आणली, पण बंदरावर त्यानं बर्फाच्या लाद्या फोडल्या असतील, त्या तो विसरला. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 43 पर्यंत चढतो. पहाटे काढलेला मासा ओल्या गोणपाटाखाली दहा वाजेपर्यंत लिलावात राहिला की व्यापारी कल्ला उघडून बघतो आणि भाव पाडतो. तुम्हाला तो पाडलेला भाव मुकाट घ्यावा लागतो, कारण मासा थांबत नाही. जितका मासा तितकाच चुरा बर्फ, चांगल्या जाड पेटीत, थरावर थर, आणि वितळलेलं पाणी निघून जायला खाली भोक. एवढं केलं तर मासा तुमच्यासाठी थांबतो. मग लिलावात भाव पडला तर माल परत उचलून टेंभुर्णीला, बार्शीला नेता येतो, हमरस्त्यावरच्या ढाब्याला रोज ठरलेले पाच किलो साफ करून देता येतात. धरणातून एकही मासा जास्त न काढता जास्त पैसे येतात ते असे. त्याच योजनेत बर्फपेटीसह मोटरसायकल आहे, किंमत 75,000 रुपये धरलेली. सर्वसाधारण अर्जदाराला 40 टक्के अनुदान, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. भोई समाज भटक्या जमातीत येतो, म्हणून मुलानं किंवा मालकांनी अर्ज केला तर 40, आणि तुम्ही केला तर 60. म्हणजे घरचे 30,000. ही गाडी मुलानं चालवावी. त्याला फोनवर भाव विचारता येतात, चार गावं हिंडायची हौस आहे, मराठी-हिंदी दोन्ही येतं. घरात त्याच्या हुशारीचा खरा उपयोग मला इथं दिसतो.

पिंजरे इतका वेळ मागं ठेवले, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय आणि मी त्यातली जाणकार नाही. मुलाची ही एक कल्पना मात्र खरंच चांगली आहे. पिंजऱ्यातला मासा धरणातल्या माशात वाटा मागत नाही, तो विकतच्या बिजातून वाढतो. योजनेत धरणातल्या एका पिंजऱ्याचा खर्च 3 लाख धरला आहे. तुमच्या नावावर 60 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार अनुदान. पण अनुदान बहुतेक वेळा काम झाल्यावर येतं, आधी पैसे आपले लागतात. आणि खरा खर्च पिंजऱ्याचा नसतोच, खाद्याचा असतो. एक किलो मासा वाढवायला साधारण दीड किलो खाद्य धरा. तीन टन मासा काढायचा तर साडेचार टन खाद्य. ते उधारीवर घेतलं, की हप्ता परत घरात शिरला, फक्त बँकेऐवजी खाद्याच्या दुकानदाराचा. उधारीला किसान क्रेडिट कार्ड बरं. ते 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळतं, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिल्यावर बँकेत तुमचं बोलणं थोडं तरी ऐकून घेतात.

दुसरं, पाणी. पिंजऱ्याखाली बारा महिने खोल पाणी लागतं, म्हणजे खालची घाण साचून माशाला श्वास कोंडत नाही. आपली उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरतं. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. ऑक्टोबरात जिथं बांबू बुडतो, तिथं मेमध्ये म्हशी चरतात. ऑक्टोबरात जागा बघून पिंजरा टाकणारा माणूस मेमध्ये चिखलात बसलेला पिंजरा बघत राहतो. शिवाय हिरव्या पाण्यात पहाटे हवा कमी पडते. पंगस तोंड वर काढून श्वास घेतो म्हणून टिकतो, चिलापीचं तसं नाही. आणि कुणी "मांगूर टाका, दुप्पट वाढतो" म्हणून सांगायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो थाई मांगूर 2000 सालापासून बंद आहे, आणि तुमच्याच भागात त्याची तळी पोकलेन लावून बुजवलेली लोकांनी पाहिली आहेत.

म्हणून चार पिंजरे नकोत. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक बघावा, परवानगी काढून. परवानगीशिवाय धरणात पिंजरा टाकता येत नाही. जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय सोलापुरात आहे; जाताना मुलाला न्या आणि अर्जावर सही तुम्ही करा. योजनांचे आकडे बदलतात, तर तिथं समोरासमोर विचारून घ्या. आणि ज्यांनी पिंजरे टाकलेत त्यांच्याकडं दोन दिवस राहून या, मासा विकायच्या दिवशी नव्हे, खाद्याचं बिल यायच्या दिवशी.

पत्रात तुम्ही "मालकांचा धंदा" लिहिलंय. सातबारा तुमचा, वही तुमची, लिलावात भाव करणाऱ्या तुम्ही. असो.

मुलगा रत्नागिरीला जाईल, ही तुमची धास्ती मला कळते. तिथं बऱ्याच बोटींवर आज नेपाळहून आलेली पोरं खलाशी आहेत. बोट ज्याची आहे त्याचा मुलगा सहसा बोटीवर नसतो. तुमच्या मुलानंही ते पाहिलं असेल. म्हणूनच तो घरी आला, असं मी धरून चालते. त्याला आपलं काहीतरी पाहिजे. बर्फाची गाडी त्याची, तिचा हिशेब त्याचा, नफ्यातला ठरलेला वाटा त्याचा, असं लग्नातल्या देण्याघेण्यासारखं स्पष्ट बोलून ठेवा.

आणि मालक नव्याला घाबरतात असं मला नाही वाटत. ते आज ज्या नायलॉनच्या जाळ्यानं मासा धरतात, ते त्यांच्या आज्याच्या सुताच्या जाळ्यापुढं नवंच होतं. ते जाळं त्यांनी घेतलं, सवयीचं केलं, आणि आता त्यालाच जुनं म्हणून धरून बसलेत. हे त्यांना तुम्ही सांगू नका. दुसऱ्या कुणी, त्यांच्या बरोबरीच्या माणसानं सांगावं.

राहिलं ते मासा दाखवणारं यंत्र. 1980 ला धरण झालं. तुमचे मालक पन्नाशीच्या पुढचे असतील, तर पाण्याखाली गेलेलं गाव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणाचा वाडा कुठं होता, विहीर कुठं, बांध कुठं, जाळं कुठं अडकतं आणि मेमध्येही कुठं वल्हं टेकत नाही, हे त्यांना पाठ असणार. ते यंत्र विकत घेऊ नका. एक लांब दोर घ्या, त्याच्या टोकाला दगड बांधा, हात-हात अंतरावर गाठी मारा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, दोघांना होडीत बसवा. गाठी पोरानं मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. होडी कुठं थांबवायची ते बापानं सांगायचं. तेवढं बोलल्याशिवाय ते काम होत नाही.